स्वतःच्याच कंपनीतले पैसे घेतले तर ती चोरी कशी? (कॉनरॅड ब्लॅकचा खटला)

देवगडचा_पोरगा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे पण पूर्ण वाचा प्लीज. मी सीएसची (कंपनी सेक्रेटरी) तयारी करतोय, त्यात कॉनरॅड ब्लॅकची केस वाचली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, हा मूळचा कॅनडाचा, हॉलिंजर इंटरनॅशनल नावाची कंपनी चालवायचा, लंडनचा डेली टेलिग्राफ, शिकागोचा सन-टाइम्स, जेरुसलेम पोस्ट असे पेपर हाताखाली, शिवाय अमेरिका-कॅनडातल्या छोट्या छोट्या गावांतले शेकडो पेपर. ब्रिटनमध्ये लॉर्ड व्हायला मिळावं म्हणून २००१ मध्ये कॅनडाचं नागरिकत्व सुद्धा सोडलं. मग २००७ मध्ये शिकागोत खटला चालला, मार्चपासून जुलैपर्यंत, आणि १३ पैकी ४ आरोपांत दोषी ठरला, साडेसहा वर्षांची शिक्षा.

आता झालं काय, सध्या आंब्याचा सीझन, संध्याकाळी खळ्यात बसून पेट्या भरताना मी ही गोष्ट घरच्यांना सांगत होतो तर आमचे मोठे काका म्हणाले, अरे कंपनी त्याचीच ना? मग मालकाने आपल्याच गल्ल्यातले पैसे घेतले तर चोरी कसली? मी म्हटलं काका ती लिस्टेड कंपनी आहे, भागधारक असतात, पण ते काय मानायला तयार नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाच नीट समजावता येईना. कारण ब्लॅकने खोट्या पावत्या करून पैसे लाटले असं काही नाहीये, चेक होते, करार होते, सगळं कागदावर होतं. त्यात १३ पैकी ९ आरोपांतून सुटला, सुप्रीम कोर्टात गेल्यावर केस परत फिरली, आणि २०१९ मध्ये ट्रम्पने माफी पण दिली. मग काकांचं बरोबर आहे का? कोणी साध्या भाषेत सांगेल का की नक्की चोरलं काय?

हर्णै_बंदर

भावा तुझ्या काकांना बोटीचं उदाहरण दे, लगेच कळेल. हे आमच्या घरात झालंय म्हणून सांगतो.

माझे वडील आणि अजून दोघे, तिघांच्या भागीदारीत ट्रॉलर होता. व्यवहार सगळा एक भागीदार बघायचा, लिलावाचे पैसे, डिझेल, बर्फ, खलाशांचा हिशोब, सगळं त्याच्याकडे. बोट विकायची ठरली तेव्हा गिऱ्हाईक पण त्यानेच आणलं. किंमत सांगितली ती बाबांना जरा कमी वाटली पण विश्वास होता, सही केली. नंतर दोन वर्षांनी कळलं की घेणाऱ्याने वेगळे पैसे पण दिले होते, ते त्या भागीदाराने स्वतःच्या नावावर घेतले, कारण काय तर "मी परत या बंदरात बोट घालणार नाही" असं त्याने लिहून दिलं म्हणे. म्हणजे बोट तिघांची, विकली तिघांची आणि किमतीतला एक तुकडा वेगळ्या नावाने एकट्याच्या खिशात. बाबांनी विचारलं तर म्हणाला तो माझा पर्सनल करार होता, तुमचा काय संबंध. आता सांग, ती चोरी की नाही? कुलूप कुठेच फुटलेलं नाही. बाबा त्यानंतर परत कुणाबरोबर भागीदारीत गेले नाहीत, अजून तो विषय निघाला की जेवणावरून उठतात.

ब्लॅकच्या केसमधलं नॉन-कॉम्पीट पेमेंट, म्हणजे स्पर्धा करणार नाही असं लिहून देऊन घेतलेले पैसे, ते हेच ना? मला वाटतं हेच.

रत्नागिरीची_सीए

हर्णै दादांनी अगदी मुळावर बोट ठेवलं. वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

आता आकड्यांत बघूया कारण या केसचं खरं सगळं आकड्यांत आहे. पहिलं, "कंपनी त्याचीच" हे चूक. हॉलिंजर इंटरनॅशनलमध्ये ब्लॅकच्या बाजूची आर्थिक मालकी साधारण ३० टक्के, पण त्यांच्या शेअर्सना जास्त मतं होती म्हणून मतं ७० टक्क्यांच्या वर. म्हणजे स्टिअरिंग त्याच्या हातात पण गाडीचे सत्तर टक्के पैसे दुसऱ्यांचे. काकांना सांगा, सातबाऱ्यावर दहा नावं आहेत, त्यातल्या एकाकडे कुलमुखत्यारपत्र आहे, म्हणून आंब्याची कलमं काय एकट्याची होत नाहीत.

दुसरं, नॉन-कॉम्पीट ही गोष्ट मुळात वाईट नाही हे पण लक्षात घ्या. पेपर विकत घेणाऱ्याला भीती असते की विकणारा उद्या शेजारीच नवा पेपर काढेल, म्हणून तो पैसे देऊन लिहून घेतो. कॅनवेस्ट या तिथल्या मीडिया कंपनीला कॅनडातले पेपर विकले तेव्हा घेणाऱ्याला खरंच ब्लॅककडून तसं हवं होतं, आणि त्या व्यवहारातल्या आरोपांतून ज्यूरीने त्याला सोडलं. म्हणजे ज्यूरीने डोळे झाकून दोषी ठरवलं नाही, १२ दिवस बसून एकेक व्यवहार वेगळा करून बघितला.

पण अमेरिकन पब्लिशिंगचा व्यवहार बघा, मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला दोनदा वाचावा लागला. ही हॉलिंजरचीच उपकंपनी, तिचे जवळजवळ सगळे पेपर विकून झालेले, उरला होता एकच, कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या मॅमथ लेक्स नावाच्या छोट्या गावातलं साप्ताहिक. आणि या कंपनीने ब्लॅक, त्याचा जुना पार्टनर डेव्हिड रॅडलर आणि इतर दोन अधिकाऱ्यांना मिळून ५५ लाख डॉलर दिले, कशासाठी, तर हॉलिंजरची नोकरी सोडल्यावर तीन वर्षं तुम्ही आमच्याशी स्पर्धा करायची नाही! घेणारा कोणी बाहेरचा नाहीच, स्वतःच्याच कंपनीने स्वतःच्याच साहेबांना दिले. लंडनचा टेलिग्राफ चालवणारा माणूस उद्या त्या गावात येऊन साप्ताहिक काढेल अशी भीती कोणाला होती? हे म्हणजे मुंबईतल्या मोठ्या पेपरच्या मालकाला आंबोलीत साप्ताहिक काढू नको म्हणून कोट्यवधी देण्यासारखं. आणि त्या चेकवर मागच्या वर्षाची तारीख टाकली, जेव्हा बरेच पेपर विकले गेले होते, म्हणजे बघणाऱ्याला ते खरं वाटावं. माझ्यासाठी तिथेच विषय मिटतो. कामाचे पैसे असतील तर तारीख मागे कशाला न्यायची?

ब्लॅकच्या बाजूचं म्हणणं पण सांगते, नाहीतर अर्धवट होईल. ते म्हणाले की ही खरं तर आमची मॅनेजमेंट फी होती, नॉन-कॉम्पीट नाव दिलं कारण तेव्हा कॅनडात त्यावर टॅक्स लागत नव्हता, हॉलिंजरचं काही नुकसान झालं नाही. ऐकायला पटतं, पण मग ते कंपनीच्या ऑडिट कमिटीला आणि भागधारकांना सरळ का नाही सांगितलं.

मालवणी_माणूस

माका ह्या नॉन-कॉम्पीट बिन काय कळणा नाय, पण एक इचारतंय, एवढी मोठी कंपनी, बोर्डार मोठमोठी माणसा बसलेली, मग तेंका ह्यां दिसला नाय? आमच्या वाडीतल्या देवळाच्या हिशोबात पाचशे रुपये इकडचे तिकडे झाले तरी मांडार उभा करून इचारतत.

निवृत्त_चिपळूण

मालवणी दादा, तुम्ही नेमका तो प्रश्न विचारलात जो मला रात्री झोपू देत नाही, म्हणून मी लिहितोय, एरवी मी फक्त वाचत असतो.

बोर्डावर साधीसुधी माणसं नव्हती. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर होते. ऑडिट कमिटीचे प्रमुख जेम्स थॉम्पसन, इलिनॉय राज्याचे माजी गव्हर्नर आणि स्वतः एकेकाळचे सरकारी वकील. त्यांना कोर्टात विचारलं की ही पेमेंट्स तुम्हाला आलेल्या कागदांत लिहिलेली होती, मग तुम्हाला दिसलं कसं नाही, तर ते म्हणाले मी ते कागद वरवर चाळले होते. इतका मोठा माणूस, आणि उत्तर काय तर चाळले.

मी हसणार नाही त्यांना. मी स्वतः एका पतसंस्थेच्या कमिटीवर सात वर्षं होतो. मीटिंगला चहा, बिस्किटं, फायली फिरायच्या, चेअरमन म्हणायचे सर सही करा, आणि मी करायचो, कारण माणूस ओळखीचा, गणपतीला घरी येणारा. ज्या कर्जांवर मी सही केली त्यातली काही त्याच्याच नातेवाईकांच्या नावावर होती हे मला ठेवीदारांची रांग लागली तेव्हा कळलं. त्या रांगेत माझ्या शाळेतली शिपाई बाई होती, तिने मुलीच्या लग्नाचे ठेवलेले. तिने मला काहीच विचारलं नाही, नुसतं बघितलं. मी पैशाला हात लावला नाही हे खरं आहे, पण माझी सही नसती तर तो पैसा हलला नसता हे पण तितकंच खरं आहे.

म्हणून देवगडच्या पोरा, तू सीएस होणार आहेस, तर ब्लॅकपेक्षा त्या केसमधल्या मार्क किपनिसचं वाच. कंपनीचा अंतर्गत वकील. त्या नॉन-कॉम्पीटच्या पैशातला वाटा त्याला मिळाला नव्हता, पण कागद त्याने तयार केले, आणि तोही दोषी ठरला, तुरुंगात गेला नाही पण प्रोबेशन आणि घरात नजरकैद मिळाली. तुझी खुर्ची उद्या तीच असणार आहे.

कुडाळ_कोर्ट

वकिली करतो, म्हणून कायद्याचा भाग मी घेतो. वरच्या सरांचं वाचून दोन मिनिटं थांबलो होतो, सर तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

सुप्रीम कोर्टाने निर्दोष ठरवलं हा मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत मेल फ्रॉड म्हणून गुन्हा आहे, फसवणुकीच्या योजनेत टपाल किंवा कुरिअर वापरलं की लागतो. शिकागोत ज्यूरीला दोन रस्ते दिले होते, एक म्हणजे पैसा चोरला, दुसरा म्हणजे प्रामाणिक सेवेच्या हक्कापासून कंपनीला वंचित ठेवलं. हा दुसरा रस्ता फार ढगळ होता, कशालाही लावता यायचा. जून २०१० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो फक्त लाच आणि किकबॅक, म्हणजे व्यवहारातलं चोरून परत घेतलेलं कमिशन, यालाच लागेल, आणि केस खाली पाठवली. खालच्या अपील कोर्टाने तपासलं की ज्यूरीने चुकीच्या रस्त्याने दोषी ठरवलं असेल का. अमेरिकन पब्लिशिंगच्या ५५ लाखांबाबत तशी शक्यता होती, म्हणून ते दोन आरोप रद्द. सीए ताई, तुम्हाला तो व्यवहार सगळ्यात वाईट वाटला आणि मलाही वाटतो, पण फौजदारी कायदा असा चालतो, शंका राहिली तर फायदा आरोपीला, आणि मला वाटतं तो तसाच चालायला हवा. मात्र ६ लाख डॉलरचा एक वेगळा व्यवहार होता, फोरम आणि पॅक्स्टन या कंपन्यांना पेपर विकले त्यातला. तिथे घेणाऱ्यांनी या साहेबांकडून नॉन-कॉम्पीट मागितल्याचा एकही कागद सापडला नाही. तो आरोप कायम राहिला. हर्णै दादांच्या बोटीच्या भाषेत, गिऱ्हाईकाने मागितलंच नव्हतं आणि तरी "मी बोट घालणार नाही" म्हणून पैसे कापून घेतले.

आणि चौथा आरोप, पुरावे लपवण्याचा, तो पण कायम राहिला. २००५ मध्ये चौकशी चालू असताना ब्लॅकने टोरंटोच्या ऑफिसातून १३ खोकी बाहेर नेली, स्वतः उचलून गाडीपर्यंत, आणि ते सीसीटीव्हीत दिसलं. त्याचं म्हणणं की त्यात खाजगी सामान होतं. ज्यूरीला पटलं नाही.

शेवटी शिक्षा साडेसहा वर्षांवरून ४२ महिने झाली, मधे जामिनावर बाहेर येऊन परत आत गेला आणि मे २०१२ मध्ये सुटला. रॅडलरने गुन्हा कबूल करून साक्ष दिली, त्याला २९ महिने. १९६९ पासूनची दोघांची भागीदारी, शेरब्रुकच्या एका छोट्या पेपरपासून सुरू झालेली, ती साक्षीच्या पिंजऱ्यात संपली. २०१९ ची माफी ही राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारातली माफी आहे, कोर्टाचा निकाल नाही. तिने ते कायम राहिलेले दोन आरोप खोटे ठरत नाहीत.

आपल्याकडे काय, असं कोणीतरी विचारेलच. रामकृष्ण दालमियांचं प्रकरण वाचा. तेही पेपरवाले, टाइम्स ऑफ इंडियाची कंपनी त्यांच्याकडे होती. भारत इन्शुरन्स कंपनीचे चेअरमन असताना तिचा पैसा शेअरच्या सट्ट्यातला खड्डा भरायला वळवला. फिरोज गांधींनी १९५५ मध्ये लोकसभेत विषय काढला, दालमियांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०९ खाली. तिथे पण मुद्दा तोच, चेअरमन हा कंपनीच्या पैशाचा मालक नाही, तो पैसा त्याच्यावर विश्वासाने सोपवलेला असतो. आता भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचं कलम ३१६ आहे आणि कंपनी कायद्यात फसवणुकीचं ४४७, त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

देवगडचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री सगळे रिप्लाय मोठ्याने वाचून दाखवले. काका सुप्रीम कोर्टापर्यंत "हां हां" करत होते, बोटीच्या गोष्टीला गप्प झाले. मग बराच वेळाने म्हणाले, तेरा खोकी स्वतः उचलली? ड्रायव्हर नव्हता का? मी म्हटलं होता, ड्रायव्हर पण होता बरोबर. म्हणाले मग स्वतः हात लावायची गरज पडली म्हणजे आत काय आहे ते त्याला माहीत होतं.

मालकीचं मात्र अजून पूर्ण मानलेलं नाही. पण आज सकाळी पुण्याच्या आत्याला फोन करून सांगितलं की या वर्षी किती पेट्या गेल्या आणि काय भाव मिळाला, वही व्हॉट्सॲपवर पाठवतो. बागेत आत्याचं नाव आहे, आणि मला आठवतंय तसं तिला कधी कोणी हिशोब दाखवला नव्हता.

निवृत्त सर, किपनिसचं आज वाचतोय. तुम्हाला एक विचारायचं होतं, त्या शिपाई बाईंचे पैसे मिळाले का?

निवृत्त_चिपळूण

अर्धे मिळाले. बाकीचे मी दर महिन्याला देतो, पेन्शनमधून. तिला ते संस्थेकडून येतात असंच सांगितलंय.