अनुभव धागा: तेव्हा कळलं नव्हतं, आणि मग कुणीतरी विचारलं

सलाम मंडळी.

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यात आपण मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक विखुरलेले आहोत. घरात मराठी, बाजारात कानडी, उपासनेत कधी दोन्ही. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले, म्हणजे शुभवर्तमान इथं दोनशे वर्षं ऐकू येतंय. तरी शेजाऱ्यानं सहज विचारलं की आपण अडखळतो.

म्हणून हा धागा. देवानं हे असं का केलं, असं वाटलेला प्रसंग लिहा. पुढं काही उमगलं नसेल तर तेही लिहा. आणि विश्वासाबद्दल कुणाशी बोलला असाल तर ते कसं घडलं, ते सांगा. प्रवचन नको. गावाचं नाव पुरे.

सुरुवात मीच करतो. उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला होतो. काम सुटलं तेव्हा मुलगी दहावीला होती. आठ महिने घरी बसलो. पहाटे उठायची सवय जाईना, म्हणून पाच वाजता दिवा लावून पवित्र शास्त्र घेऊन बसायचो. योसेफाची गोष्ट लहानपणी रंगीत झग्यासाठी ऐकलेली, ती तेव्हा नीट वाचली. भावांनीच विकलेला योसेफ मिसरात तुरुंगात पडतो. तिथला राजाचा प्यालेबरदार, म्हणजे प्याला भरून देणारा, सुटतो आणि योसेफाला विसरतो. पुढची दोन वर्षं योसेफ तिथंच. त्या दोन वर्षांत काय झालं, याची शास्त्रात एक ओळही नाही. माझे आठ महिने मला त्या कोऱ्या जागेत सापडले.

समोरच्या घरातले काका वारकरी. रोज माझा दिवा बघायचे. एकदा फाटकाशी येऊन म्हणाले, "एवढं काय वाचताय?" मी तिथंच वाचून दाखवलं. मग ते रोज यायला लागले. मला काम लागलं त्या दिवशी पेढे घेताना म्हणाले, "ते ठीक, पण योसेफाचे भाऊ आले का धान्याला?" काका आजही आषाढीला पंढरपूरला जातात. मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतो. त्यांना ते माहीत आहे.

निपाणीहून

मी विड्या वळते. माझं पहिलं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. भेटायला आलेली माणसं म्हणायची, देवाची इच्छा. चांगल्या मनानंच म्हणायची, खरं मला ते सुईसारखं टोचायचं. कितीतरी दिवस प्रार्थनेला बसले तरी तोंडातून शब्द निघायचा नाही.

चार वर्षांनी आमच्याच कट्ट्यावर वळायला बसणाऱ्या एकीचं तान्हं पोर गेलं. बाकीच्या जायला घाबरत होत्या, काय बोलायचं म्हणून. मी गेले. काहीच बोलले नाही. तिचं सूप घेतलं, पानं कातरली आणि तिच्या वाटणीच्या विड्या वळत बसले. पाच दिवस रोज गेले. सहाव्या दिवशी तिनं विचारलं, "आक्का, तू कशी गं उठलीस यातनं?" तेव्हा सांगितलं. म्हटलं, मित्राच्या, लाजराच्या कबरीपाशी आमचा येशू रडलाय. त्याला उठवायचंय हे ठाऊक असून आधी रडलाय. त्या रडणाऱ्या देवाला धरून मी उठले.

माझं बाळ का गेलं, हे मला अजून ठाऊक नाही. खरं तिच्या दारात जायला पाय धजले ते त्यामुळंच.

अथणीहून

थोडकंच. आमच्या घरात विश्वास आला तो मिरजेच्या मिशन दवाखान्यातून, डॉ. वानलेसांनी १८९४ साली सुरू केलेल्या. ऑपरेशनच्या आधी एका नर्सनं आजोबांचा हात धरून प्रार्थना केली. तिचं नाव त्यांनी विचारलंच नाही, आणि ही हळहळ त्यांना शेवटपर्यंत होती.

कोगनोळीच्या बाजूचं एक गाव

ऑगस्ट २०१९. दूधगंगा गावात शिरली, आम्ही शाळेत. बेळगावच्या मंडळीनं तांदूळ, डाळ, चादरी भरून आमच्यासाठी टेम्पो पाठवला. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं, टेम्पो अडकला. आम्ही इकडं देवाला विनवतोय आणि मदत तिकडं उभी. मी खूप चिडलो होतो, अगदी देवावर.

आम्हाला गावातल्याच लोकांनी भाकरी पुरवली. टेम्पोतल्या पोरांनी शेवटी चूल मांडली आणि रांगेत अडकलेल्या ट्रकवाल्यांना जेवण घातलं. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, निघतानाच बजावलं होतं, भुकेल्याला भाकरी देताना हातात पत्रक द्यायचं नाही. एकानंही दिलं नाही. एका तमिळ ड्रायव्हरनं, तुम्ही कोण लोक, म्हणून तोडक्या हिंदीत विचारलं. रात्रभर पावसात बोलत बसले, असं पोरं सांगतात. ते तांदूळ कुणासाठी भरले होते, हे आता मी ठामपणे सांगू शकत नाही.

हुक्केरीहून

माझा अनुभव भीतीचा आहे. २०२२ साली कर्नाटकात धर्मांतराविषयीचा कायदा आला, तेव्हापासून घरी प्रार्थना ठेवायलाही मन कचरतं. विश्वासाबद्दल बोलावं की नाही?

धागाकर्ता

दादा, भीती खरी आहे, ती लपवू नका. घटनेच्या २५व्या कलमात धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क आहे. फसवणूक, लालूच, बळजबरी यांना मात्र आपल्यात जागाच असू नये. श्रीमंत तरुणावर येशूनं प्रीती केली, पण तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याला परत आणायला कुणाला धाडलं नाही. मला सांगायची रीत तिथं दिसते.

खानापूरहून

आम्ही कॅथलिक, घरात कोंकणी, संध्याकाळी तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना. मुलीची मैत्रीण अभ्यासाला येते आणि तेर्स संपेपर्यंत गप्प बसते. परवा तिनं तिच्या आजारी आजीचं नाव हळूच सांगितलं. आम्ही ते प्रार्थनेत घेतलं.

वडगाव, बेळगावहून

मागावर साड्या विणतो. आठ वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, घरात एकट्यानं. नव्या विश्वासाचा आवेश होता. बायकोशी रोज वाद घालायचो. एकदा तिच्या देव्हाऱ्याबद्दल नको ते बोललो. ती मुलांना घेऊन गडहिंग्लजला माहेरी गेली.

मला वाटायचं, मी प्रभूसाठी सोसतोय. पाळकांनी कवी टिळकांची आठवण दिली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. "मधली पाच वर्षं देवाचीच होती ना?" एवढंच म्हणाले. मी गडहिंग्लजला गेलो आणि सासूबाईंसमोर तिची माफी मागितली. देव्हारा आजही आहे. मी वाद थांबवला, तेव्हा कांड्या भरता भरता ती आपणहून काहीबाही विचारू लागली.

गेल्या रविवारी मला ताप होता. तिनं कपाटावरचं शास्त्र काढून उशाशी ठेवलं आणि म्हणाली, "जाता येत न्हाई तर इथंच वाचा. जरा मोठ्यानं वाचा."