सिग्नल एमिट झाला की नाही, हे तपासायचं कशाला?

देवगड, रत्नागिरी आणि मालवण इथल्या तीन प्रोग्रॅमरांचा हा वाद. सिग्नल म्हणजे काही घडलं की प्रोग्रॅमचा एक भाग इतर भागांना देतो ती सूचना; ती देणं म्हणजे एमिट करणं.

देवगड: क्यूटी या खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम बनवायच्या लायब्ररीच्या कोडमध्ये क्यूसिग्नलस्पाय (आलेले सिग्नल टिपणारं साधन) लावून ‘सिग्नल आला’ एवढंच तपासणाऱ्या चाचण्या काढून टाकाव्यात, असं माझं ठाम मत आहे. हापूसच्या पॅकहाउसमधल्या प्रोग्रॅमची वजननोंदीची खिडकी घ्या. स्पाय स्वतःच सिग्नलला जोडलेला असतो. त्यामुळे बेरीज दाखवणाऱ्या लेबलला सिग्नल जोडणारं कनेक्ट लिहायचंच राहून गेलं, तरी चाचणी हिरवीच. क्यूटीच्या चाचणी-साधनातल्या, म्हणजे क्यूटेस्टच्या कीक्लिक्सने वजन टाइप करा आणि लेबलवर काय दिसतं ते वाचा. वापरणाऱ्याला तेच दिसतं.

रत्नागिरी: नाही पटलं. लेबल फक्त शेवटची स्थिती सांगतं. मिरकरवाड्याच्या लिलावात सुरमईचं वजन 25 किलो टाइप केलं, तर स्पिनबॉक्सचा (आकडा भरायच्या चौकटीचा) व्हॅल्यूचेंज्ड, म्हणजे किंमत बदलल्याचा सिग्नल, आधी 2 साठी आणि मग 25 साठी एमिट होतो, कारण कीबोर्डट्रॅकिंग, म्हणजे टाइप करतानाच सिग्नल देत राहणं, मुळात चालू असतं. त्या सिग्नलवर डेटाबेसची नोंद जोडली असेल, तर 2 किलोची खोटी नोंदही होते. लेबलवर मात्र 25, आणि तुमची चाचणी पास! इथे कीबोर्डट्रॅकिंग बंद करावं. चाचणीत आधी स्पाय बनवा, मग सिलेक्टऑल, 25 टाइप, एंटर. काउंट (टिपलेल्या सिग्नलांची संख्या) नेमका 1 हवा आणि पहिला टिपलेला सिग्नल देणाऱ्या टेकफर्स्टमधून मिळणारी किंमत 25.

देवगड: हे मान्य, पण अशा चाचण्या आज पास तर उद्या फेल होतात. सिग्नलची वाट बघणारं वेट() लावलं की रखडतातही.

मालवण: वेट() चुकीच्या जागी लावलं की असंच होणार. ते फक्त बोलावल्यानंतर आलेला सिग्नल धरतं. एकाच थ्रेडमधल्या (प्रोग्रॅमच्या एकाच सलग चालणाऱ्या धाग्यातल्या) साध्या कनेक्शनमध्ये सिग्नल क्लिकबरोबरच येऊन गेलेला असतो. मग वेट() पूर्ण 5000 मिलिसेकंद थांबून फॉल्स देतं. तिथे सरळ काउंट बघा. वजनकाट्याचं वजन वेगळ्या थ्रेडमधून किंवा उशिरा येत असेल तरच थांबायचं, तेही पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या क्यूट्राय_कंपेअरने काउंट तपासत.

आणि लाइनएडिटला (मजकुराच्या चौकटीला) कोडमधून सेटटेक्स्ट करून टेक्स्टएडिटेडची, म्हणजे वापरणाऱ्याने मजकूर बदलल्याच्या सिग्नलची, वाट बघू नका, तो येतच नाही. कोडमधून मजकूर बदलला की फक्त टेक्स्टचेंज्ड येतो. सिग्नल येऊ नये अशा जागी काउंट 0 तपासणं तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं: सेटव्हॅल्यूला तीच किंमत पुन्हा दिली, तर व्हॅल्यूचेंज्ड येता कामा नये. दोन स्पिनबॉक्स एकमेकांना जोडलेले असले, तर त्यांचं चक्र यामुळेच थांबतं.

देवगड: म्हणजे अनेक खिडक्यांत वापरल्या जाणाऱ्या विजेटला (स्पिनबॉक्ससारख्या घटकाला) स्पाय ठेवू. पण खिडकीची चाचणी लेबल वाचूनच व्हावी, तिथे मी मागे हटणार नाही.

रत्नागिरी: खिडकी डेटाबेसमध्ये लिहीत असेल, तर लेबलासोबत नोंदींची संख्याही मोजा.