विमानतळ दाराशी आलं म्हणून ट्रॅव्हल कार्ड घ्यायचं?

माजिवडा जंक्शन

काल गटावर फिरलेल्या पोस्टचा आशय असा: नवी मुंबई विमानतळ सुरू झालं, आता ठाणे-नवी मुंबईत राहून कॅशबॅक क्रेडिट कार्ड (खर्चाचे काही टक्के परत देणारं) वापरणारा माणूस स्वतःचं नुकसान करतोय, कॅशबॅक म्हणजे चिल्लर, प्रवासासाठी पॉइंट देणारं ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड घ्या आणि वर्षाला दोन तिकिटं फुकट मिळवा. खाली बऱ्याच जणांनी "कोणतं घेऊ?" एवढंच विचारलंय, हिशोब कुणीच मागितला नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून उडायला लागली, आनंदच आहे. पण त्याने घोडबंदर रोडवरच्या घराचा महिन्याचा खर्च बदलत नाही. मेंटेनन्स, शाळेची फी, विम्याचा हप्ता, वीजबिल, पेट्रोल. यावर बहुतेक कार्डं एकतर काही देत नाहीत, नाहीतर तुटपुंजी मर्यादा घालतात. ६०,००० खर्चाच्या घरात कार्डाला चालणारा खर्च २५,००० च्या आसपास उरतो. धरा १५,००० ऑनलाइन, १०,००० दुकानात.

ऑनलाइन ५ टक्के आणि दुकानात १ टक्का देणारं कार्ड: ७५० अधिक १००, म्हणजे महिन्याला ८५०, वर्षाला १०,२००. थेट बिलातून वजा.

आता १५० रुपयांना ४ पॉइंट देणारं ट्रॅव्हल कार्ड घ्या. वर्षाच्या ३ लाखांवर ८,००० पॉइंट. विमान-हॉटेलसाठी पॉइंटला ५० पैसे धरले तर ४,०००. बिलात वळते केले तर २० पैशांनी १,६००. वार्षिक फी २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. फी माफ होण्यासाठीची खर्चाची अट ३ लाखांत पूर्ण होत नसेल तर हातात राहतात १,०५०. कुठली दोन तिकिटं?

खारघर सेक्टर बारा

पोस्ट माझी नाही, पण तुम्ही सोयीचं कार्ड निवडून हिशोब मांडलाय. मधल्या फळीचं पॉइंट कार्ड कुणीच जाणता माणूस घेत नाही. मैल (एअरलाइनकडे वळवून तिकिटासाठी वापरायचे पॉइंट) देणारं कार्ड घ्या: एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर १०० ला ५ मैल, इतरत्र १०० ला २, वर्षाला ३ लाख झाले की २,५०० बोनस, आणि भागीदार एअरलाइनकडे एकाचे दोन होतात. फी ५,००० अधिक जीएसटी.

चौघांचं कुटुंब वर्षाला २ लाखांची तिकिटं काढतं असं धरा. त्याचे १०,००० मैल, तुमच्याच ३ लाखांचे ६,०००, बोनस २,५००. एकूण १८,५००, म्हणजे एअरलाइनकडे ३७,०००. मैलाला १ रुपया मिळाला तर ३७,०००, फी वजा जाता ३१,१००. तुमचे १०,२०० कुठे राहिले?

माजिवडा जंक्शन

तुम्ही खर्च ३ लाखांवरून ५ लाखांवर नेलात आणि माझा आकडा जुनाच ठेवलात. तीच २ लाखांची तिकिटं कॅशबॅक कार्डावर काढली तर ५ टक्क्यांनी १०,००० आणखी. झाले २०,२००. तुमची फी ५,९००. दोन्ही मिळून २६,१००, त्याला ३७,००० ने भागा. मैलाला साधारण ७० पैशांच्या वर मिळाले तरच तुमचं कार्ड पुढे. ५० पैसे मिळाले तर तुमच्याकडे १२,६०० आणि कॅशबॅकवाल्याकडे २०,२००.

शिवाय मैलांच्या तिकिटावर कर आणि शुल्क रोख भरावंच लागतं. मे महिन्याच्या सुट्टीत चौघांना एकाच विमानात मैलांच्या जागा मिळणं कठीण असतं हेही सांगा ना. १ रुपया हा भाव सुटी सोडून मंगळवारी दुपारी उडणाऱ्या एकट्या माणसाचा आहे.

खारघर सेक्टर बारा

आणि तुम्ही मर्यादा लपवलीत. असल्या कार्डांवर स्टेटमेंटमागे कॅशबॅकला टोपी असते, धरा ५,०००. सुट्टीची २ लाखांची तिकिटं माणूस एकाच महिन्यात काढतो. त्या महिन्यात ५,००० वर गाडी थांबली, नेहमीचे ८५० सुद्धा त्यातच गेले. अकरा महिन्यांचे ९,३५० अधिक ५,०००, म्हणजे १४,३५०. आता तुमच्याच पद्धतीने भागा: मैलाला ५५ पैसे मिळाले तरी मी पुढे.

माजिवडा जंक्शन

टोपीचा मुद्दा बरोबर आहे, तो मांडायला हवा होता. पण उपाय आहे. जायची तिकिटं स्टेटमेंटच्या तारखेआधी, परतीची नंतर काढायची. तरीही प्रत्येक हप्ता १ लाखाच्या आतच लागतो, आणि नेहमीचे १५,००० धरले तर त्याहून कमी, हे मान्य.

नौपाडा गोखले रोड

दोघांचंही भांडण तिकिटांवर. त्या "दुकानात १०,०००, १ टक्का" चं काय? घाऊक बाजारात कार्ड पुढे केलं की २ टक्के जादा मागतात. १ टक्का मिळवायला २ टक्के द्यायचे? हे चूक आहे, कुणी बोलत कसं नाही?

जांभळी नाका दुकान

बोलतो मी. मशीनवर क्रेडिट कार्ड घासलं की बँक धरा १.८ टक्के कापते, त्यावर १८ टक्के जीएसटी. १०,००० च्या बिलात २१२ रुपये गेले. सुकामेवा, डाळी, साखर यांच्या घाऊक व्यवहारात नफा टक्क्या-दोन टक्क्यांत मोजतात. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांची सोपी करयोजना) असणाऱ्याला त्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. मशीनचं भाडं वेगळं. महागड्या कार्डावर कापणी आणखी जास्त. आणि तुमचे पॉइंट, तुमचे मैल, तुमचं विमानतळावरचं फुकट लाउंज, याचा मोठा हिस्सा त्याच कापणीतून जातो. वर इथे आम्हालाच चोर म्हणता.

नौपाडा गोखले रोड

चोर कुणी म्हटलं नाही. पण मशीन घेताना बँकेशी करार केलात, त्यात हा भार गिऱ्हाइकावर टाकायचा नाही असं असतं. परवडत नसेल तर मशीन ठेवू नका. रोकड मोजणं, बँकेत भरणं, खोट्या नोटा, याला खर्च नाही का?

जांभळी नाका दुकान

मशीन नाही ठेवलं तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जातं. ठेवलं तर २१२ रुपये जातात. घाऊक धंदा न केलेल्यांनी करार शिकवू नये.

कोपरखैरणे सेक्टर आठ

दोघंही शांत व्हा. यावर रस्ता आहे: रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडा. ही सोय सप्टेंबर २०२२ पासून आहे. छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंतच्या व्यवहारावर कापणी नाही. क्यूआर मात्र व्यापारी खात्याचा हवा, दुकानदाराने वैयक्तिक खात्याचा क्यूआर लावला असेल तर क्रेडिट कार्ड चालत नाही, व्यवहार तिथेच फेल होतो. मित्राला किंवा घरमालकाला पैसे पाठवायलाही चालत नाही. एकाच बँकेची दोन कार्डं असली तर रुपे कुठलं ते ॲपमध्ये नीट बघा.

आणि कार्डाचा तक्ता वाचा. काही कार्डं यूपीआयवर पूर्ण दर देतात, काही अर्धा, काही फक्त स्वतःच्या ॲपमधून केलं तरच. टाटा न्यू इन्फिनिटी कार्डाने ऑगस्ट २०२४ पासून हेच केलं: स्वतःच्या यूपीआय आयडीवर १.५ टक्के, इतर आयडीवर ०.५.

जांभळी नाका दुकान

२,००० च्या खाली ठीक, ते मी घेतो, जादा मागत नाही. पण लोक ६,००० चं बिल २,००० च्या तीन तुकड्यांत देतात आणि बँकेचा फोन मला येतो. ते करू नका.

नौपाडा गोखले रोड

हे माहीत नव्हतं. २,००० च्या वर तुम्ही २ टक्के मागता ते मला अजूनही चूकच वाटतं, पण तिथे यापुढे रोख देईन.

सीवूड्स ताई

वीजबिलाचा उल्लेख झाला म्हणून. महावितरणच्या बिलाला क्रेडिट कार्ड वापरलंत तर सुविधा शुल्क लागतं. नेटबँकिंग, यूपीआय, डेबिट कार्डला लागत नाही आणि घरगुती बिलाला ऑनलाइन भरल्याची ०.२५ टक्के सूटही मिळते. पॉइंटसाठी हे बिल कार्डावर टाकणाऱ्यांनी आधी हे शुल्क मोजावं.

दुसरं, परदेशाचं कुणीच बोललं नाही. साध्या कार्डावर परकीय चलनाला ३.५ टक्के मार्क-अप (चलन बदलण्याचं जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. १ लाखाच्या खरेदीवर ४,१३०. तिथे १ टक्का कॅशबॅक कामाचा नाही. वर्षातून एकदा जरी दुबई-सिंगापूर होत असेल तर शून्य मार्क-अपचं कार्ड आधी, मैल नंतर.

खारघर सेक्टर बारा

हेच म्हणतोय. प्रवास करणाऱ्याला प्रवासाचंच कार्ड.

माजिवडा जंक्शन

शून्य मार्क-अप आणि मैल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकात घुसवू नका. ताईंचा मुद्दा मला मान्य आहे, तुमचा नाही. मैलांचा भाव कोण ठरवतं? बँक आणि एअरलाइन. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर १ सप्टेंबर २०२३ पासून ५ पॉइंटांचे ४ मैल होते ते २ झाले आणि फी १०,००० वरून १२,५०० झाली. जमवून ठेवलेल्यांचं मूल्य एका तारखेला निम्मं झालं. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, पॉइंट वळते झाले खरे, पण विस्ताराच्या नावाच्या कार्डांचा पायाच गेला. लाउंजचं तेच: आयसीआयसीआयच्या अनेक कार्डांवर एप्रिल २०२४ पासून आधीच्या तिमाहीत ३५,००० खर्चाची अट, त्याच नोव्हेंबरात ती ७५,०००. बिलातून वजा झालेला रुपया कुणी मागे घेत नाही.

खारघर सेक्टर बारा

कॅशबॅक कार्डांनीही टोप्या कमी केल्यात. एसबीआय कॅशबॅक कार्डाची महिन्याची मर्यादा मे २०२३ मध्ये १०,००० वरून ५,००० झाली. कपात दोन्हीकडे होते. मैल जमवून ठेवणं चूक, ते मलाही मान्य. तिकीट ठरलं, जागा दिसली, की मगच बँकेतून एअरलाइनकडे वळवायचे. एकदा वळवले की परत येत नाहीत आणि तिथे मुदत सुरू होते.

कोपरखैरणे सेक्टर आठ

ही सगळी चर्चा पूर्ण बिल भरणाऱ्यांची आहे हे नवीन लोकांना कुणी सांगितलं नाही. व्याज महिन्याला ३.७५ टक्के धरा. ४०,००० चं बिल महिनाभर राहिलं की १,५०० व्याज, २७० जीएसटी, एकूण १,७७०. माजिवड्याच्या दराने ४०,००० वर कॅशबॅक १,३६०. आणि "किमान रक्कम" भरली म्हणजे व्याज थांबत नाही. थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून मीटर सुरू. एटीएममधून कार्डावर पैसे काढले तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क.

सीवूड्स ताई

काल त्या पोस्टखाली "कोणतं घेऊ" विचारणाऱ्यांसाठी: मागच्या तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट काढा. मेंटेनन्स, फी, विमा, वीज, पेट्रोल, रेल्वे वगळा. गावाला कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी रेल्वे तिकीट वगळायला विसरू नये, बऱ्याच कार्डांवर त्याला काही मिळत नाही. उरलेल्यात विमान आणि परदेश किती ते वेगळं लिहा. ते आकडे इथे टाका, मग कार्डाचं नाव विचारा.

माजिवडा जंक्शन

आणि जुनं कार्ड बंद करायचं असेल तर आधी पॉइंट वापरून टाका, मग सगळी बाकी भरून लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बाकी नसेल तर ७ कामकाजी दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे. फोनवर "फी माफ करतो, ठेवा" म्हणाले तर ते ईमेलवर मागा.