मांस काढल्यावर पुन्हा का वाढतं

'नाकातलं मांस (पॉलिप) एकदा ऑपरेशन करून काढलं की विषय संपला' असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. आमच्या दादाचं दोनदा काढलं, दुसऱ्यांदा तीन वर्षांतच. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट नीट वाचला तेव्हा कारण कळलं : त्यात इओसिनोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, खच्चून भरल्या होत्या. या पेशींची सूज असली की मांस परत येण्याची शक्यता जास्त, कारण ऑपरेशनने वाट मोकळी होते, सूज जागेवरच राहते. म्हणून नंतरही स्टेरॉइडचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं आपल्या मनाने बंद करू नका. (नुसत्या रक्तातल्या इओसिनोफिलवर जाऊ नका, जंतांनीही ते वाढतात.) सोबत दमा असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच, काहींना त्याने जोराची धाप लागते.

ऑपरेशनआधी गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीशेजारी उभं राहूनही दादाला रसाचा वास येत नव्हता. यंदा बांधावरूनच म्हणाला, "गूळ झाला बघ, उतरवा आता."