देश बदलल्यापासून माझी वॉटरकलर्स करडी पडायला लागलीत, शैली हातातून सुटतेय का?

ओली_बाजू
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

वीसेक वर्षं जलरंगात काम करतेय, त्यातली शेवटची अडीच दुसऱ्या देशात, बरंच उत्तरेकडे. आधीची माझी चित्रं म्हणजे कडक ऊन, भिंतीसाठी कोरा सोडलेला कागद आणि त्याला लागून अल्ट्रामरीन निळा नि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून एका फटक्यात मारलेली गडद सावली. बास, तेवढ्यावर चित्र उभं राहायचं. इथे आल्यावर पहिले सहा महिने तेच करत राहिले आणि प्रत्येक चित्र खोटं दिसायचं, कारण समोर तसली सावलीच नव्हती. मग कधी कसं माहीत नाही पण पॅलेटमधला पिवळा वाळून तडकला आणि सगळा कारभार करड्या रंगावर आणि ओल्या रंगात ओला रंग सोडण्यावर आला. परवा जुनी-नवी चित्रं जमिनीवर शेजारी शेजारी मांडली तर दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारखी वाटली, पोटात गोळाच आला.

जुनी गिऱ्हाइकं म्हणतात पूर्वीसारखं काढा ना. इथले लोक म्हणतात तुमच्याकडचे ते भडक रंग कुठे गेले. मी दोघांपुढे नुसती हसते. कुणाला असा अनुभव आहे का?

कागदी_घोडा
शैलीबिलीचं नंतर बघू, आधी हवेचं सांगा. थंड दमट हवेत कागद लवकर वाळत नाही. जो वॉश (पातळ रंगाचा हात) पूर्वी दोन मिनिटांत बसायचा तो आता दहा मिनिटं ओला राहणार, आणि ओला आहे म्हटल्यावर हात शिवशिवतोच, मग तुम्ही त्यात अजून एक थेंब सोडता, तो पसरतो, कडा जातात, ब्लूम (वेडेवाकडे पाण्याचे डाग) येतात. याला शैली नाही हो, बाष्पीभवन म्हणतात :) थंडीत बंद खोलीत हीटर लावून काढलेली चित्रं वेगळी काढून बघा, तिथली हवा कोरडी असते, तिथे वॉश खालपर्यंत यायच्या आत वरून वाळतो. त्या चित्रांच्या कडा कडक आल्या असतील तर माझं म्हणणं बरोबर.

दुसरं पाणी. नळाच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना चिकटून जास्त दाणेदार बसतात. एकदा डिस्टिल्ड पाणी वापरून बघा. तिसरं म्हणजे ब्रँड तोच आहे की बदललात? ३०० जीएसएम (म्हणजे जाडी-वजनाचा आकडा) लिहिलेले दोन कागद अजिबात सारखे वागत नाहीत, सगळा खेळ कागदाने पाणी लगेच पिऊ नये म्हणून लावलेल्या सरसाचा असतो, तो कमी असेल तर रंग आत शोषला जातो आणि वाळल्यावर मेल्यासारखा दिसतो. कागद दमट जागी पडून राहिला तरी सरस खराब होतो, मग त्यावर ठिपके ठिपके उठतात.

आणि रात्री पिवळ्या बल्बखाली रंगवत असाल तर मी हात जोडतो. त्या उजेडात फिकट पिवळा दिसतच नाही, सकाळी बघावं तर भलतंच चित्र.

पारवा
कागदी_घोडा, बल्बच्या मुद्द्याला +१, पण सगळं पाण्यावर ढकलू नका राव. डोळा बदलतोच. विन्स्लो होमरचंच घ्या, अमेरिकन चित्रकार, १८८१ मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागात कलरकोट्स नावाच्या कोळ्यांच्या गावी जाऊन राहिला, जवळपास दीड-दोन वर्षं. तिथली जलरंग चित्रं बघा, करडं आभाळ, ओला किनारा, मोठ्या दणकट कोळिणी, आधीचा हलकाफुलका होमर गायब. आणि तोच माणूस १८८४-८५ च्या हिवाळ्यात कडक उन्हाच्या बहामाज बेटांवर गेला तर पांढरा कागद भगभगीत सोडून पारदर्शक निळे वॉश मारायला लागला. म्हणजे करडा आला तो काही कायमचा मुक्कामाला येत नाही. होमर अर्थात परत जाणारा पाहुणा होता, तुमचं तसं नाही, हे कबूल.

साठेक वर्षं तिकडेच राहिलेल्यांत आपले चित्रकार एस. एच. रझा. मुंबईत असताना जलरंगातले रस्ते, पाऊस. १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि आधी घट्ट बांधणीची घरं आली, मग तैलरंगाचे जाड थर. त्यांचा तो ओळखीचा बिंदू (मोठं काळं वर्तुळ) ठळकपणे आला तो १९८० च्या आसपास, म्हणजे देश सोडून तीस वर्षांनी! तुम्ही अडीच वर्षांत हिशेब मागताय.

उंटावरचा_शहाणा
अगं ओली_बाजू, तुझी जुनी चित्रं मी पाहिलीयेत म्हणून हक्काने बोलतो. मला वरच्या दोघांचंही पूर्ण पटलेलं नाही. तुझं चित्र पिवळ्यामुळे तुझं नव्हतं, तू एकदा मारलेल्या सावलीला परत हात लावायची नाहीस म्हणून तुझं होतं. ते अजून आहे का ते बघ. नसेल तर काळजी कर, रंगाचं सोड.

आणि ते "तुमच्याकडचे भडक रंग" मागणारे आहेत ना, त्यांच्या नादी लागू नकोस. मी लागलो होतो. एका गॅलरीला हवं होतं म्हणून आठवणीतलं ऊन वर्षभर रंगवलं, विकलंही गेलं, पण शेवटी शेवटी आठवण संपली आणि मी स्वतःच्याच जुन्या चित्रांच्या नकला करत होतो. तेव्हा तर पाणीही बरोबर होतं आणि कागदही.

ओली_बाजू
सगळ्यांचे आभार, शनिवार-रविवार याच्यातच गेला.

जुन्या कागदाचे दोन ताव ट्रंकेत तळाला सापडले. खिडकीत एक चुरगाळलेलं पांढरं फडकं ठेवलं आणि दोनदा रंगवलं, एकदा नळाच्या पाण्याने, एकदा डिस्टिल्डने. कागदी_घोडा, दाण्यांचं तंतोतंत खरं निघालं, नळाच्या पाण्यात सावली वाळूसारखी बसलीय. हीटरचंही खरं आहे, जानेवारीतल्या चित्रांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आहेत. कागद मात्र निर्दोष, तोच करडा दोन्हीवर आला, कारण फडक्यावर पडलेला उजेडच तसा होता, ढगातून गाळून आलेला, सावलीला धड कडाच नाही. मी काही तो कुठून आणला नव्हता.

शहाण्या, तुझ्या बोलण्यावरून दोन्ही ताव तिरपे धरून पाहिले. फडक्याची मोठी घडी दोन्हीकडे एकाच फटक्यात आहे, वर दुसरा हात नाही. मात्र कोपऱ्यातल्या लहान घड्या मी चोळत बसलेय, चार-चार वेळा, कागदाची लोकर निघेपर्यंत. ही खोड नवीन आहे आणि ती हवेची नाही, भीतीची आहे. लोक काय म्हणतील याची.

जुन्या गिऱ्हाइकांना कळवलं की तसलं आता होणार नाही. एकीने लगेच ऑर्डर रद्द केली, दुसरी म्हणाली फडकं पाठव बघू. कुठलं पाठवू, दाणेदार की गुळगुळीत?

कागदी_घोडा
दाणेदार. आणि ट्रंकेत कागद ठेवू नका हो, सरस!