घुरघुर आणि मागून येणारा आवाज
फोंड्याच्या घरातल्या जुन्या कॅसेट डेकला ब्लूटूथ ट्रान्समीटर (आवाज बिनतारी हेडफोन-स्पीकरला पाठवणारं यंत्र) लावल्यावर घुरघुर येते आणि टीव्हीवर ओठ आधी हलतात, या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

डेकच्या मागचा लाल-पांढरा आरसीए 'लाइन आउट'च वापरा. हेडफोन जॅकमधून घेतलात तर व्हॉल्यूम फार चढवू नका. ट्रान्समीटरच्या इनपुटलाच आवाज फाटला की पुढे स्पीकर कमी करून तो सुधारत नाही. मग ट्रान्समीटर नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. घुरघुर थांबली तर दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा: ऑडिओ वायरीत ती वाट तोडणारा आयसोलेटर घाला. नाही थांबली तर पिना तपासा. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो; डेक बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

टीव्हीच्या आवाजाचा उशीर कोडेकमुळे, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीमुळे. एसबीसी या नेहमीच्या कोडेकात साधारण 150 ते 250 मिलिसेकंद जातात, एपीटीएक्स लो लेटन्सी या कमी उशिराच्या कोडेकात 40च्या आसपास. पण हा दुसरा कोडेक ट्रान्समीटर आणि हेडफोन, दोन्हीत हवा. नवीन घेताना हेच आधी विचारा. ऑप्टिकल वायर असेल तर टीव्हीचं ऑडिओ सेटिंग पीसीएमवर (न दाबलेल्या साध्या आवाजावर) ठेवा, डॉल्बीवर बहुतेक ट्रान्समीटरमधून आवाजच येत नाही.