मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपवर हार्ड डिस्क चालत नाही, दोन तोंडांची केबल घ्यावी का?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय.

आमच्या मंडळाची भजनं आणि घुमट आरत्यांची (घुमट या चर्मवाद्याच्या साथीने म्हणायच्या आरत्या) रेकॉर्डिंगं एका अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहेत (चकतीवाली, एसएसडी नव्हे). माझ्या लॅपटॉपवर ती निमूट चालते. मंडळाच्या डेस्कटॉपला लावली की दिवा लागतो, आतून टक्‌टक् आवाज येतो, ड्राइव्ह क्षणभर दिसते आणि गायब होते. डिस्कच्या पाठीवर ५ व्होल्ट, ०.८५ अँपिअर (म्हणजे ८५० मिलिअँपिअर) असं छापलंय. डेस्कटॉपला सगळी पोर्टं यूएसबी २.० ची, म्हणजे प्रत्येकी ५०० मिलिअँपिअर. लॅपटॉपचं ३.० चं पोर्ट ९०० देतं. दुखणं कुठे आहे ते यातच कळतं.

पणजीतल्या दुकानदाराने दोन तोंडांची केबल पुढे केली (एक टोक डिस्कला, दुसऱ्या टोकाची दोन तोंडं संगणकाच्या दोन पोर्टांत, म्हणजे दोन्हींकडून वीज). म्हणे सगळे हीच नेतात. पण यूएसबीचं मानक ठरवणाऱ्या संस्थेने अशा केबलला चक्क मनाई केली आहे. जास्त वीज लागत असेल तर उपकरणाने स्वतःचा अडॅप्टर आणावा, असा त्यांचा नियम. ही मनाई नुसती कागदावरची की खरंच धोका आहे? चतुर्थीच्या तालमी सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचंय.

प्रतिसाद १:
आधी लॅपटॉपवरून सगळं दुसरीकडे कॉपी करा. टक्‌टक् करणारी डिस्क पुन्हापुन्हा लावून बघू नका.

आता केबलबद्दल. यूएसबी २.० च्या उपकरणाने जोडल्याबरोबर १०० मिलिअँपिअरच घ्यायचे असतात. जास्त हवे तर संगणकाला सांगायचं, त्याने होकार दिला की मग ५०० पर्यंत. दुसरं तोंड कुणाला काही विचारत नाही, नुसती वीज ओढतं. त्यातही बऱ्याच जुन्या मदरबोर्डांवर शेजारच्या दोन पोर्टांना मिळून एकच फ्यूज असतो, तेव्हा दोन्ही तोंडं शेजारी खुपसून फारसं काही पदरात पडत नाही. आणि दुसरं तोंड मोबाइलच्या चार्जरला लावलं तर त्याची वीज उलटी संगणकात शिरू शकते. मनाई त्यासाठीच आहे. अनेकांचं निभावतं हे खरं, पण ते मदरबोर्डाच्या मेहेरबानीवर.

तूर्त कॅबिनेटच्या मागचं पोर्ट आणि आखूड केबल लावून बघा. पुढच्या पोर्टांपर्यंत जाणाऱ्या बारीक तारांत व्होल्टेज पडतं, आणि चकती फिरायला लागताना डिस्कला सर्वांत जास्त वीज लागते.

प्रतिसाद २:
अडॅप्टरवाला ३.० चा हब (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी, हिची वीज वेगळी) घ्या. २.० च्या संगणकाला जोडल्यावर डिस्कही २.० च्याच वेगाने बोलेल आणि नियमाने तिचा हक्क ५०० चाच राहील. पण हबचं पोर्ट ९०० देण्याइतकं दणकट असतं, त्यामुळे सहसा चालून जातं. पूर्ण नियमात बसायचं तर मदरबोर्डावरच्या स्लॉटमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं यूएसबी ३.० कार्ड बसवा, म्हणजे ३.० ची पोर्टं मिळतील. वेगही वाढेल.

मूळ धागाकर्ता:
आभार. कॉपी आज रात्रीच करतो, लाईट राहिली तर. मागच्या पोर्टात आवाज थांबला, पण मोठी फाइल उघडली की डिस्क अजून सुटते. कार्डच बरं वाटतंय, छोटा स्लॉट रिकामा आहे. पण मी पाहिलेल्या कार्डाला एसएमपीएसची (संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) मोलेक्स नावाची जुन्या धाटणीची वीजपिन लागते आणि आमच्याकडे फक्त साटाची (नव्या धाटणीची) मोकळी आहे. साटाची पिन थेट लागणारं कार्ड मिळतं का? मडगाव किंवा म्हापशात कुणी घेतलं असेल तर सांगा.